तुमचं मूळ गाव कोणतं?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. तुमचं गाव कोणतं?

"हा काय प्रश्न झाला? बारामती!" कुणी म्हणेल इंदापूर, कुणी भिगवण, कुणी वालचंदनगर. ठीक. आता दुसरा प्रश्न. तुमचं मूळ गाव कोणतं?

इथे जरा गडबड होते. कुणी डोकं खाजवतं, तर कुणी "बाबांना विचारून सांगतो" म्हणून सुटका करून घेतं.

बारामतीतल्या एखाद्या शाळेतला सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. बाईंनी हाच प्रश्न विचारलाय. पहिल्या बाकावरची मुलगी सांगते, "सासवड. पण आम्ही तिथं कधी राहिलोच नाही, माझ्या आजोबांचे आजोबा इकडं आले." तिच्या मागचा शहा म्हणतो, "आमचं गुजरातमध्ये कुठंतरी आहे." एक जण कोकणातल्या गावाचं नाव घेतो. तिथे त्यांचा देव आहे, चार-पाच वर्षांतून एकदा सगळे जाऊन येतात. एक मुलगा बीड जिल्ह्यातलं गाव सांगतो. शेवटच्या बाकावरचा, गेल्याच वर्षी शाळेत आलेला, बिहारमधल्या जिल्ह्याचं नाव सांगतो आणि तेही चांगल्या बारामतीच्या मराठीत. मग एक जण उभा राहतो. "बाई, आमचं गाव पाण्यात आहे." सगळा वर्ग फिदीफिदी हसतो.

तो खरं सांगतोय बरं का! त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

हा वर्ग मी मनानंच भरवलाय, पण त्यातलं एकही उत्तर खोटं नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत "आम्ही पहिल्यापासून इथलेच" असं छातीठोक सांगणाऱ्या घरांचा माग काढत मागे मागे गेलं, की बहुतेक वेळा कुठेतरी एक बैलगाडी दिसायला लागते. सामान लादलेली, पोरंबाळं बसलेली, दुसरीकडून इकडे येणारी. प्रश्न एवढाच, की तुमची गाडी कधी आली आणि कुठून.

वेरूळ, इंदापूर, तंजावर

सुरुवात मोठ्या घरापासून करू. इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. मालोजीराजे म्हणजे शिवाजीमहाराजांचे आजोबा. इंदापूरच्या लढाईत ते पडले. पण ते इंदापूरचे नव्हेत. त्यांचं घर वेरूळचं, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. निजामशाहीची चाकरी करता करता पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर मिळाली आणि भोसल्यांचं घराणं इकडे आलं. हे सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलंच.

पुढची गंमत बघा. मालोजीराजांचे एक नातू म्हणजे व्यंकोजी, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. हे व्यंकोजी सतराव्या शतकात पार तमिळ मुलखात, तंजावरला जाऊन राजे झाले. म्हणजे आजोबा वेरूळचे, लढले आणि पडले इंदापुरात, आणि नातवाची गादी तंजावरला! तिथे त्यांच्याबरोबर गेलेल्या मराठी घरांचे वंशज आजही आहेत. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत तमिळ शब्द असे मिसळलेत की तुम्हा-आम्हाला दोनदा विचारावं लागेल. बाहेर ते पक्के तमिळ.

याच तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803 साली एक मोठं काम केलं. तिथल्या बृहदीश्वराच्या प्रचंड देवळाच्या दगडी भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. पूर्वजांपासून आपल्यापर्यंत, सगळा मराठीत. आजूबाजूला मराठी वाचणारी माणसं किती असतील? फार नसणारच. मग कुणासाठी कोरला असेल? मला वाटतं, आपल्याच पोरानातवंडांसाठी. घरापासून इतक्या लांब पिढ्यान् पिढ्या राहिलं, की आपण कोण हे कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटायला लागतं. राजे होते म्हणून भिंत मिळाली. बाकीच्यांनी वहीवर भागवलं.

बारामतीतही असंच एक घर आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हे नाईक पेशवाईतले मोठे सावकार, पेशव्यांचे सोयरे. मूळचे कोकणातले जोशी. पण इतिहासात त्यांना 'बारामतीकर' म्हणतात. म्हणजे जिथून आले त्या गावाचं नाव सुटलं आणि जिथे आले त्याचं चिकटलं!

या नाईकांच्या आश्रयानं आणखी एक कुटुंब बारामतीला आलं, पराडकरांचं. त्यातला मुलगा 1729 साली पन्हाळ्याला जन्मलेला. त्या घराचं मूळ गाव कोकणात, राजापूरजवळचं सौंदळ. पंचविशीच्या आत-बाहेर असताना हा तरुण बारामतीत आला आणि 1794 साली इथेच वारला. मधली चाळीस वर्षं तो लिहितच होता. तुमच्या मराठीच्या पुस्तकातले आर्यावाले मोरोपंत ते हेच! बारामतीकर आज मोठ्या अभिमानानं "आमचे मोरोपंत" म्हणतात. म्हणावंच. पण कोल्हापूरकडच्यांनी "आमच्या पन्हाळ्याचे" म्हटलं, राजापूरवाल्यांनी "आमच्या सौंदळचे" म्हटलं, तर खोटं कुणाला ठरवाल?

कालवा आला

आतापर्यंतची माणसं जहागिरीसाठी, चाकरीसाठी आली. पण बारामती-इंदापूरचं रूप पालटलं ते पाण्यानं.

आज सोमेश्वर, माळेगाव, सणसर या बाजूला हिरवागार ऊस दिसतो, म्हणून तुम्हाला वाटेल हे असंच असणार. नाही हो! हा सगळा दुष्काळी मुलूख. ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडे डोळे. 1876-77 च्या भयंकर दुष्काळात इथली माणसं आणि गुरं अन्नपाण्यावाचून तडफडली. त्यानंतर इंग्रज सरकारनं भोर तालुक्यात भाटघरला धरण बांधायला घेतलं आणि 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. नीरेचं पाणी बारामतीवरून इंदापूरकडे खेळू लागलं.

पाणी तर आलं, पण घ्यायचं कुणी? तुम्हाला नवल वाटेल, पण पहिल्या काळात इथले बरेच शेतकरी कालव्याच्या पाण्याला बिचकून होते. पाऊस चांगला झाला तर पाणी हवं कशाला? वर त्याची पट्टी भरायची! आणि ऊस म्हणजे खर्चाचं काम. खत पाहिजे, पेंड पाहिजे, वर्षभर पाणी पाहिजे, गुऱ्हाळ घालायला पैसा पाहिजे. ज्वारी पेरणाऱ्या माणसाकडे एवढं भांडवल नव्हतं आणि ती सवयही नव्हती.

ती सवय होती सासवडच्या माळ्यांना. सासवड पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्याच काठी. विहिरीच्या पाण्यावर बागायत करण्यात ही मंडळी पिढ्यान् पिढ्या मुरलेली. त्यांनी ओळखलं, की खाली बारामतीकडे पाणी आहे, जमीन आहे, करणारं कुणी नाही. मग एकेक कुटुंब निघालं. इथल्या मालकांकडून त्यांनी जमिनी खंडानं घेतल्या, म्हणजे ठरलेल्या पैशांवर काही वर्षांसाठी कसायला घेतल्या. ऊस लावला. मळ्यातच वस्ती केली. हंगामात चुलवणावर मोठाल्या काहिली चढल्या, रस आटू लागला, गुळाच्या ढेपा बाजारात जाऊ लागल्या. 1914 साली दौंडहून बारामतीपर्यंत छोटी रेल्वेही आली.

जरा विचार करा. तुमच्या वयाचा एखादा मुलगा त्या वस्तीवर वाढतोय. जन्म बारामतीच्या शिवारातला. पण जमीन दुसऱ्याची, खंडाची मुदत संपली की वस्ती हलणार. घरात सगळे म्हणणार "आपण सासवडचे". लग्नकार्य, सोयरीक, जत्रा सगळं सासवडशी बांधलेलं. आणि त्यानं तर सासवड दोन-चारदाच पाहिलेलं! त्याचं गाव कोणतं?

पुढे इथल्या शेतकऱ्यांनीही ऊस शिकून घेतला. बघून बघून शिकले. मग जमिनी खंडानं द्यायच्या कशाला, आपणच करू की, असं म्हणून ते स्वतः ऊस लावू लागले. माळी मंडळींची गाडी पुन्हा निघाली. गोदावरी आणि प्रवरेला कालवे झाले होते, तेव्हा काही कुटुंबं कोपरगाव, श्रीरामपूरकडे गेली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गिरमे, बोरावके अशी आडनावं भेटतात ना, त्यांतल्या बऱ्याच घरांची वाट सासवडहून गेलेली आहे. काही जण नीरा ओलांडून अकलूजच्या बाजूला गेले. तिथे 1932 साली या ऊस पिकवणाऱ्यांनीच एकत्र येऊन साखर कारखान्याची कंपनी काढली. जागेचं नाव पडलं माळीनगर. आणि कंपनीचं नाव? 'दि सासवड माळी शुगर फॅक्टरी'! सासवड तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब, जिल्हासुद्धा दुसरा. तरी पाटीवर सासवड आहेच.

गुजर आणि वालचंदनगर

बारामती, फलटण, अकलूज, नातेपुते, इंदापूर या पेठांमधून फिरलात तर शहा, दोशी, गांधी, मेहता अशा पाट्या दिसतील. ही बरीचशी दिगंबर जैन घराणी, उत्तर गुजरातमधल्या ईडर भागाशी आपलं नातं सांगणारी. काही पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी आली. इकडे त्यांना सरळ 'गुजर' म्हणतात. दुकानात आणि रस्त्यात अस्सल इकडची मराठी, घरात गुजराती वळणाची बोली. ती बोली आता गुजरातमधल्या माणसालाही जरा वेगळीच वाटते आणि इथल्या माणसालाही. म्हणजे ती ना तिकडची, ना इकडची. ती या पेठांमध्येच तयार झाली. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, ज्याला सगळे 'टी. सी. कॉलेज' म्हणतात, ते 1962 साली बारामतीत सुरू झालं. त्याला नाव आहे ते याच समाजातल्या गृहस्थांचं.

इंदापूर तालुक्यात तर एका अशा घराण्याच्या माणसाच्या नावाचं अख्खं गावच आहे! वालचंद हिराचंद दोशी 1882 साली सोलापुरात जन्मले. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं. त्यांनी कळंब गावाजवळ, नीरेकाठच्या माळावर 1930 नंतर उसाचे मळे केले आणि साखर कारखाना उभारला. त्याभोवती वसाहत वसली, ते वालचंदनगर. कामगार, इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर कुठून कुठून आले. पुढे तिथल्या यंत्रशाळेत साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं बनू लागली, आणि 'इस्रो'च्या रॉकेटचे मोठे भागसुद्धा इथे बनले. अशा वसाहतीत वाढलेल्या मुलांना 'मूळ गाव' विचारलं की ती आईबाबांचं गाव सांगतात, पण भांडण झालं की म्हणतात, "आम्ही वालचंदनगरवाले!"

पाण्यातलं गाव

आता त्या मुलाकडे येऊ, ज्याला सगळा वर्ग हसला.

भीमेवर सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण आहे. ते 1980 साली पूर्ण झालं. त्याचा पाणसाठा, यशवंतसागर, मागे मागे पसरत इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत येतो. पण एवढं पाणी मावायला जागा लागते ना? ती जागा म्हणजे भीमाकाठची गावं. काळीभोर जमीन, वाडे, तालमी, देवळं, पारावरचे वड, सगळं पाण्याखाली गेलं. माणसं उठून वरच्या अंगाला वसली.

त्यातलंच एक पळसदेव. नवं पळसदेव आज पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र पाण्यातच आहे. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला आणि धरण खाली गेलं, की आधी त्याचं शिखर दिसायला लागतं, मग हळूहळू आख्खं देऊळ उघडं पडतं. लोक होडीत बसून बघायला जातात. पेपरात फोटो येतात. बाहेरच्यांना ती सहल. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती हात करून दाखवतात, इथं आमचं घर होतं, इथं शाळा, या वाटेनं नदीला जायचं. दुष्काळ पडावा असं कुणालाच वाटत नाही. पण दुष्काळ पडला तरच त्यांना गाव दिसतं!

मग सांगा, तो मुलगा काय चुकीचं बोलला? त्याच्या घरचे लांबून कुठून आले नाहीत. सरकली ती काही किलोमीटरच. तरी परत जायचं म्हटलं तर जायला गाव नाही. आणि उजनीच्या पाण्यावर पुढे ज्यांचे ऊस उभे राहिले, त्यांच्या घरात हे किती जणांना ठाऊक असतं? पुस्तकात धरणाची उंची असते, साठा असतो. उठलेल्या गावांची नावं नसतात. मला ती असावीत असं वाटतं.

याच उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. म्हणजे तेही गुजरातकडचेच! ते आले की पुण्या-मुंबईच्या गाड्या भिगवणला लागतात, दुर्बिणी निघतात, सगळे म्हणतात "पाहुणे आले".

एक कोयता

त्याच महिन्यांत आणखी कुणीतरी आलेलं असतं. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिव, पाथर्डीकडून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून ऊसतोडीवाले येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूरकडचे कारखाने, सगळ्यांचा हंगाम त्यांच्या हातावर चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड करायची. नवराबायको मिळून एक जोडी. हिशोबात त्या जोडीला काय म्हणतात माहीत आहे? 'एक कोयता'. मुकादमाकडे किती कोयते आहेत, असं विचारतात. माणसांची मोजदाद हत्यारावर!

फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या पडतात. पहाटे तोड सुरू, रात्री-अपरात्री गाडी भरायची, उरलेली वाढी वैरण म्हणून विकायची. बरोबर मुलं असतात. कुणी गावाकडे आजीजवळ राहतं, ज्यांची तशी सोय नाही ती येतात. अर्धं वर्ष एका शाळेत, अर्धं दुसऱ्या, नाहीतर कुठेच नाही. साखर कारखान्यांजवळ त्यांच्यासाठी साखरशाळाही निघाल्या. तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा चार महिने बसून गेला असेल. नाव आठवतंय का त्याचं?

तो स्वतःचं गाव कोणतं सांगत असेल? बीडकडे गेला की तिथली पोरं म्हणणार "तू बारामतीहून आलास", इथे आला की "तो बीडचा". काही कुटुंबं हंगाम संपल्यावरही थांबली, सालगडी म्हणून राहिली, हळूहळू इथलीच झाली. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी रिक्षा बनतात, कापड-कपडे बनतात, बांधकामं चालू असतात. तिथे उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं येतात. त्यांची मुलं तुमच्याबरोबर कबड्डी खेळतात. सासवडची माळी मंडळी आली तेव्हा त्यांच्याकडेही इथल्या लोकांनी "हे कुठले नवे?" म्हणून पाहिलं असणारच. आधी येऊन बसलेला नंतर येणाऱ्याला 'बाहेरचा' म्हणतो, एसटीत जागा धरलेला माणूस दारातल्या माणसाकडे बघतो ना, अगदी तसंच.

माग कसा काढायचा?

आता तुमच्या घराकडे वळू. सुटीत करण्यासारखं हे झकास काम आहे, पैसे लागत नाहीत.

पहिला धागा आडनावाचा. पण सांभाळून! महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या काटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पणजोबांनी गाव सोडलं आणि ते पुरंदर तालुक्यात खानवडीला आले. पुढच्या पिढीनं पुण्यात फुलांचा धंदा केला, म्हणून फुले. आडनावात गावाचा पत्ताच नाही! उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले मध्य प्रदेशात, महूला. वडील रामजी सकपाळ. पण आडनावात कोकणातलं आंबडवे गाव राहिलं. काही घरांनी आडनाव मुद्दाम बदललेलं असतं. जुन्या नावावरून लोक जात ओळखत आणि घरात घ्यायचं की दारात उभं करायचं ते ठरवत. असं काही तुमच्या घरात निघालं, तर सांगणाऱ्याला त्रास होईल इतकं खोदू नका. सांगायचं तेव्हा ते सांगतील.

दुसरा धागा कुलदैवत. घर हलतं, जमीन सुटते, बोली बदलते, पण देव सहसा बदलत नाहीत. म्हणून कुलदैवत लांब असेल तर वाट तिकडून आली असावी असा अंदाज बांधता येतो. याची उलटी बाजूही आहे. नीरा आणि भीमा जिथे मिळतात, तिथे इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर आहे. तिथला नरसिंह किती तरी लांबच्या घरांचं कुलदैवत आहे. तुम्ही मूळ शोधायला कोकणात जाल, आणि तिकडून कुणीतरी आपलं मूळ शोधत इंदापूरला आलेलं असेल!

तिसरा धागा कागद. शेती असेल तर सातबारा आणि जुने फेरफार बघा. जमीन कधी खरेदी झाली, कुणाकडून आली, वाटणी कधी झाली, ते त्यात असतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला बघा, त्यावर जन्मस्थळ असतं. त्याहून जुनं बरंचसं मोडीत. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम केवढा भाव आला, ते तुम्ही ऐकलं असेल. मोडी शिकायला अवघड नाही, तुमच्या वयात तर मुळीच नाही.

आणखी एक खजिना म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं, की ते बरोबर वही काढतात आणि पूर्वी तुमच्या घरचं कोण येऊन गेलं ते वाचून दाखवतात. मूळ गाव ठाऊक नसेल तर मात्र पंचाईत. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक असत. सजवलेल्या बैलावर बसून यायचे आणि घरापुढे उभं राहून त्या घराची वंशावळ खड्या आवाजात सांगायचे. अजूनही काही जण हा वारसा सांभाळून आहेत.

चौथा धागा घरातली माणसं. आणि इथे मीठ जवळ ठेवा! कारण कुठल्याही घराची कहाणी ऐका, मूळपुरुष कुणा ना कुणा राजाच्या पदरी सरदार असतो. मोट हाकणारा, ओझी वाहणारा, कर्जापायी रातोरात गाव सोडून निघालेला, असा कुणाचाच पूर्वज कसा नसतो? खरं तर गाव सोडायची वेळ बहुधा अशांवरच येते. म्हणून कहाणी जशी सांगतील तशी लिहून घ्या, आणि शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करा.

एक गोष्ट या सगळ्या वह्यांमध्ये फारशी सापडत नाही. वंशावळ म्हटली की बाप, आजा, पणजा. बाया कुठे गेल्या? तुमची आई जिथे जन्मली ते गाव वेगळं. आजीचं माहेर वेगळं. पणजीचं आणखी वेगळं. गावागावांतली सगळ्यात मोठी ये-जा हीच, आणि तिला कुणी स्थलांतर म्हणत नाही. भाकरीबरोबरचं कालवण कसं करायचं, अंगाईत कुठले शब्द, शिंक आल्यावर काय म्हणायचं, हे तुमच्या घरात बहुधा त्यांच्या गावांहून आलंय. कित्येकींचं तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं.

तेव्हा एक मोठा कागद घ्या, मधोमध स्वतःचं नाव लिहा आणि दोन्ही बाजूंनी वर जा. बाबांकडचं एक गाव लिहिलं तर आईकडचं एक लिहायचं. आजोबांचं लिहिलं तर आजीचंही. पणजी-पणजोबांपर्यंत पोचलात तर आठ माणसं होतात. आठांची आठ गावं सापडली तर शाब्बास! मग महाराष्ट्राचा नकाशा पसरा, पुरला नाही तर भारताचा, आणि गावांवर खुणा करा. आजी घरात असेल तर सुरुवात तिच्यापासून करा. ती दुपारी जरा आडवी होऊन उठली, चहा झाला, की शेजारी बसा आणि विचारा, "आजी, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"